एकाच हाताचं सी-पेप्टाइड: धातूची खूण लावून रक्तातले रेणू मोजताना

अर्गॉन

गेली बारा-तेरा वर्षं माझं काम आयसीपी-एमएस या, नमुन्यातले अणू मोजणाऱ्या यंत्रावर आहे. पाण्यातलं आर्सेनिक, मसाल्यांतलं शिसं, औषधी गोळ्यांतले धातू हेच मोजण्यात बहुतेक काळ गेला. तीन वर्षांपूर्वी एका जैवरसायनवाल्या गटाबरोबर काम सुरू झालं आणि ज्यात धातूचा कणही नाही असा रेणू या यंत्रावर मोजायला घेतला. या विषयावर मराठीत सलग लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय. या कामातले कुणी इथे असतील तर जरूर लिहा. ज्यांचा या विषयाशी संबंध आहे पण लॅबशी नाही, त्यांनीही नि:संकोच विचारा.

आधी यंत्राविषयी. अर्गॉन वायूचा प्लाझ्मा पेटवायचा. त्याचं तापमान साधारण ७००० केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त. त्यात नमुन्याचा बारीक फवारा सोडला की रेणू शिल्लक राहत नाही. प्रथिन असो, साखर असो, मीठ असो, सगळ्यांचे सुटे अणू होतात आणि त्यातल्या बऱ्याच अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन निघून आयन बनतात. मग वस्तुमानाप्रमाणे ते वेगळे करून मोजायचे. आयोवा राज्यातल्या एम्स प्रयोगशाळेत हाउक, फॅसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८० मध्ये दाखवलं आणि १९८३ मध्ये पहिलं यंत्र बाजारात आलं.

यंत्राचा मोठा गुण असा की अणू कुठल्या रेणूतून आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. टर्बियम या धातूचे दहा अणू मिठातून आले काय आणि पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळेच्या, शेपटीवरून आले काय, संकेत तेवढाच. पेप्टाइडवाले एरवी जे ईएसआय (रेणू न तोडता अख्ख्याचाच आयन करणारी फवाऱ्याची पद्धत) वापरतात तिथे असं नसतं. कुठलं पेप्टाइड किती सहज आयन होईल हे त्याच्या अमिनो आम्लांवर आणि त्या क्षणी सोबत कोण बाहेर पडतंय यावर ठरतं. शेजारी क्षार किंवा फॉस्फोलिपिड आलं की आपल्या पेप्टाइडचा आवाज दबतो. त्यामुळे प्रत्येक पेप्टाइडसाठी जड समस्थानिकांचा (त्याच मूलद्रव्यांच्या जास्त वजनाच्या अणूंचा) त्याचाच जुळा विकत घ्यावा लागतो.

पण पेप्टाइडमध्ये असतात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि कधीमधी गंधक. पहिले चार या यंत्रावर मोजण्यात अर्थ नाही, कारण हवेत आणि पाण्यात तेच भरलेले आहेत. म्हणून पेप्टाइडला एक पिंजरा चिकटवायचा आणि त्यात शरीरात जवळपास नसलेला धातू बसवायचा. पिंजरा म्हणजे डोटा किंवा डीटीपीए, आणि धातू लँथनाइड कुळातला.

मला टर्बियम, होल्मियम, थुलियम आणि प्रासिओडिमियम आवडतात, कारण निसर्गात यांचं एकेकच समस्थानिक आहे: १५९, १६५, १६९ आणि १४१. सगळा संकेत एकाच ठिकाणी पडतो, वाटला जात नाही.

आता खरा विषय. आम्ही घेतलं सी-पेप्टाइड. स्वादुपिंडात प्रोइन्सुलिन तुटतं तेव्हा इन्सुलिनसोबत हा ३१ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. इन्सुलिनचा एक रेणू, तर याचाही एक. रुग्ण बाहेरून इन्सुलिन टोचून घेत असेल तर रक्तातलं इन्सुलिन मोजून काहीच कळत नाही. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे शरीर स्वतः किती बनवतंय ते यावरून कळतं. शिवाय यकृत पहिल्याच फेरीत इन्सुलिनचा सुमारे निम्मा हिस्सा काढून घेतं, सी-पेप्टाइडला मात्र हात लावत नाही.

ही ३१ जणांची माळ मी कागदावर लिहून काढली तेव्हा चकित झालो. सिस्टीन नाही, मेथिओनिन नाही, म्हणजे गंधकही नाही. टायरोसिन नाही. लायसिन नाही, आर्जिनिन नाही. खूण अडकवायला लागणारा प्रत्येक हुक गायब. उरतो फक्त सुरुवातीच्या टोकाचा अमिनो गट, एकच हात. तो हात धरला तर एका रेणूवर बरोब्बर एक धातू बसतो, ना कमी ना जास्त.

हिशोब करून पाहा. एक नॅनोमोल प्रति लिटर सी-पेप्टाइड, प्रत्येकावर एक टर्बियम: १५९ नॅनोग्रॅम टर्बियम प्रति लिटर. शरीरात इन्सुलिन फारच कमी उरलंय असं ज्या पातळीखाली समजतात ती ०.२ नॅनोमोल, म्हणजे सुमारे ३२ नॅनोग्रॅम. चांगल्या अवस्थेतलं आयसीपी-एमएस टर्बियम एका नॅनोग्रॅमच्याही खाली सहज पाहतं.

आकडा इतका सरळ दिसतो. तो खरा ठरवायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या अडचणी पुढे लिहितोच.

सूक्ष्मदर्शी

धन्यवाद, फार दिवसांनी इथे असं काही वाचलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज सी-पेप्टाइडचे रिपोर्ट सही करते.

टायरोसिन नसण्याबद्दल थोडी भर घालते. लेबल लावून संप्रेरक मोजायची कल्पना रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयात त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन लावलं. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. आयोडीन बसतं ते मुख्यतः टायरोसिनवर. इन्सुलिनमध्ये ती आहेत, म्हणून काम झालं. पुढे १९६७ मध्ये शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्सुलिन शोधलं आणि सी-पेप्टाइड मोजायची गरज उभी राहिली, तेव्हा आयोडीन लावायला जागाच नव्हती. मग काय केलं, तर एक टायरोसिन मुद्दाम जोडलेलं सी-पेप्टाइड बनवलं आणि त्याला आयोडीन लावलं. या रेणूने खूण लावणाऱ्यांना पहिल्यापासून दमवलंय.

आज आमच्याकडे असतात त्या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या स्वयंचलित तपासण्या. प्रतिपिंड थोड्या प्रमाणात प्रोइन्सुलिनलाही धरू शकतं, आणि एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसरीच्या यंत्राशी तंतोतंत जुळेल असं नसतं. म्हणून मूळ मापन पद्धती कशावर उभी आहे याला आमच्या दृष्टीने फार महत्त्व आहे.

लेकीची_आई

मी रसायनातली नाही, पण सी-पेप्टाइड शब्द दिसला म्हणून आले. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह. निदान झालं तेव्हा एका लॅबमध्ये सी-पेप्टाइड ०.९ आलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात केलं तर ०.३. मी रात्रभर झोपले नाही. दोन महिन्यांत तिसरा हिस्साच उरला असं वाटलं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पण का ठीक आहे ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. लॅबा इतक्या चुकतात का?

सूक्ष्मदर्शी

ताई, दोन्ही रिपोर्ट काढा आणि आकड्याच्या पुढे काय छापलंय ते बघा. एकावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि दुसऱ्यावर नॅनोमोल प्रति लिटर असं आहे का?

लेकीची_आई

हो. पहिल्यावर नॅनोग्रॅम आहे. दुसऱ्यावर नॅनोमोल.

सूक्ष्मदर्शी

मग दोन्ही आकडे जवळजवळ एकच आहेत. सी-पेप्टाइडच्या बाबतीत एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ०.३३ नॅनोमोल प्रति लिटर. तुमचं ०.९ म्हणजे ०.३. काही कमी झालेलं नाही.

एक विनंती: या आकड्याचा अर्थ त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेसोबत लावायचा असतो, मूत्रपिंडाचं कामही बघावं लागतं. तेव्हा दोन्ही कागद घेऊन बालमधुमेहतज्ज्ञांना एकदा शांतपणे विचारा. आणि पुढच्या वेळी जमलं तर एकाच लॅबमध्ये करा.

लेकीची_आई

दोन महिने मी हे उरावर घेऊन फिरतेय. खूप खूप आभार. आता धागा पहिल्यापासून वाचते, कळेल तेवढं.

स्प्रेकाठी

बर्लिनहून नमस्कार. या पद्धतीचं एक मोठं पान याच शहरात लिहिलं गेलं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. हुम्बोल्ट विद्यापीठात मिशाएल लिनशाइड यांच्या गटाने २००७ मध्ये 'मीकॅट' नावाची खूण मांडली: डोटाचा पिंजरा, त्यात लँथनाइड आणि सिस्टीनच्या गंधकाला पकडणारा मॅलिमाइडचा चिमटा. त्याआधी १९९९ मध्ये गिगी, एबरसोल्ड वगैरेंनी समस्थानिकांच्या खुणा आणल्या होत्या आणि २००४ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला मीअर्स यांच्या गटाने धातूंच्या खुणा. बर्लिनकरांनी त्याला आयसीपी-एमएसची जोड दिली, त्यामुळे 'किती पट' एवढ्यावर न थांबता 'नेमके किती' हे विचारता येऊ लागलं.

यातला सुंदर भाग असा. एका नमुन्याला टर्बियम, दुसऱ्याला होल्मियम, तिसऱ्याला थुलियम लावा आणि तिन्ही एकत्र करा. लँथनाइड एकमेकांसारखे इतके वागतात की तिन्ही खुणांची पेप्टाइडं कॉलममधून (रेणू वेगवेगळे करणाऱ्या नळीतून) जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. एकाच रनमध्ये तीन रुग्ण.

अर्थात, अर्गॉन यांनी लिहिलंय तेच पुन्हा: प्लाझ्मात गेल्यावर रेणूची ओळख संपते. टर्बियमचं पीक (आलेखातला उंचवटा) आलं म्हणजे 'टर्बियम लावलेलं काहीतरी' आलं. ते काय आहे हे सांगायला त्याच कॉलमच्या जोडीला ईएसआय किंवा माल्डी (लेसरने अख्ख्या रेणूचा आयन करून वस्तुमान मोजणारं तंत्र) लागतंच. किती, ते आयसीपी सांगतं. कोण, ते ईएसआय सांगतं.

अर्गॉन, तुम्ही डोटा वापरता की डीटीपीए?

अर्गॉन

दोन्ही वापरून झालं. डीटीपीए धातूला खोलीच्या तापमानाला लगेच पकडतं, पण कॉलममध्ये ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल असलं की त्या आम्लतेत पकड सैल व्हायला लागते. शिवाय त्याचं डायॲनहायड्राइड दोन्ही बाजूंनी चिकटून दोन पेप्टाइडं एकमेकांना बांधू शकतं. डोटा उलट स्वभावाचं. धातू आत घ्यायला उशीर लावतं, उष्णता मागतं. पण एकदा घेतला की आम्लातही सहसा सोडत नाही. पेप्टाइडवर ल्युटेशियम लावून समस्थानिक विरलनाने (ज्ञात प्रमाणात वेगळं समस्थानिक मिसळून गुणोत्तरावरून) थेट मोजण्याचं काम फ्रान्समध्ये पो इथे शाउमलॉफेल यांच्याकडे २००९ मध्ये डीटीपीए वापरूनच झालं, तेव्हा ते वाईट मुळीच नाही. आम्ही मात्र डोटावर स्थिरावलो.

आता रक्ताची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नमुने आमचे इथे वाया गेले. अमिनो गटाला चिकटणारी खूण थेट रक्तद्रवात घातली तर ती सी-पेप्टाइडपर्यंत पोचतच नाही. एका लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन सुमारे ०.६ मिलिमोल, आणि त्याच्या प्रत्येक रेणूवर ५९ लायसिन. सी-पेप्टाइडच्या एकेका रेणूमागे अल्ब्युमिनचे सहा लाख रेणू उभे, प्रत्येकाचे ५९ हात वर. त्यात सुटी अमिनो आम्लं वेगळीच. म्हणून आधी चुंबकीय मण्यांवर बसवलेल्या प्रतिपिंडाने सी-पेप्टाइड उचलायचं, धुवायचं, सोडवायचं आणि मगच खूण लावायची.

बफरमध्ये ट्रिस हे नेहमीचं रसायन नको. त्यातला अमिनो गट एनएचएस एस्टर, म्हणजे खुणेचं अमिनो गटाला चिकटणारं टोक, फस्त करतो. एका सुट्टीच्या आठवड्यात आमच्याकडे चुकून ट्रिस वापरलं गेलं आणि सगळ्या नमुन्यांत शून्य आलं. आणि जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए हेही एक धातू पकडणारंच रसायन आहे. ते पुढच्या पायरीपर्यंत राहिलं तर आपलं टर्बियम वाटून घेतं. धुण्याची पायरी तेवढ्यासाठीही मनापासून करायची.

चेंबूरकर

अणुवैद्यकात काम करतो. डोटा आणि ल्युटेशियम म्हटलं की आम्हाला आमचेच रुग्ण आठवतात. डोटाटेट म्हणजे आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, त्याच्या टोकाला डोटा आणि डोटात ल्युटेशियम १७७. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवर जाऊन बसतं आणि तिथेच किरणोत्सर्ग देतं. आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम १७७ तयार होतं. रसायन अगदी तेच, हेतू वेगळा: तुम्ही मोजायला लावता, आम्ही उपचाराला.

एक व्यावहारिक सूचना. रुग्णांचे नमुने घेताना गॅडोलिनियमची खूण टाळा. एमआरआयसाठी जे कॉन्ट्रास्ट देतात ते गॅडोलिनियमच, तेही डोटा किंवा डीटीपीएसारख्याच पिंजऱ्यात. कालच एमआरआय झालेल्या माणसाच्या रक्तात तुमच्या खुणेच्या कितीतरी पट गॅडोलिनियम सापडेल. तसंच डायलिसिसवाल्यांना फॉस्फेट कमी करायला लँथेनम कार्बोनेट देतात, तेव्हा त्यांच्या नमुन्यात लँथेनमही नको.

अर्गॉन

हे फार मोलाचं आहे. आमच्या नमुन्याच्या अर्जावर 'गेल्या काही दिवसांत एमआरआय झालं का' हा प्रश्न आम्ही खूप उशिरा घातला.

नवशिकी

नमस्कार सर. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जवळजवळ हाच. माझे गाईड सेंद्रिय रसायनवाले आहेत, त्यामुळे आयसीपीबद्दल विचारायला कुणी नाही. तीन अडचणी आहेत.

एक: युरोपियम वापरून पाहिलं तर खूण न लावलेल्या रक्तद्रवातही युरोपियम दिसतं.

दोन: रनच्या अगदी सुरुवातीला टर्बियमचं प्रचंड पीक येतं, पेप्टाइडच्या पीकपेक्षा कितीतरी मोठं. आणि नेमक्या त्याच वेळी माझं अंतर्गत स्टँडर्ड (यंत्र स्थिर आहे ना हे बघायला सतत सोडलेला धातू) ल्युटेशियमसुद्धा उसळतं. ते तर सतत एकसारखं जायला हवं ना? पंप बदलून पाहिला, नळ्या बदलल्या, काही फरक नाही.

तीन: शुद्ध विकतचं सी-पेप्टाइड, वजन करून विरघळवलं, खूण लावली. वजनाप्रमाणे जेवढं यायला हवं त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त येतं. दर वेळी. खूण दहा पट, वीस पट, पन्नास पट घालून पाहिली. आकडा हलत नाही. दीड महिना यातच गेला, आणि आता गाईड म्हणतात की पद्धतच चुकीची आहे, विषय बदल.

अर्गॉन

विषय बदलू नका. पहिल्या दोन अडचणी आजच सुटतील.

युरोपियम खरं तर बेरियम आहे. प्लाझ्मात थोडासा धातू ऑक्सिजनला धरून ऑक्साइड बनतो आणि त्याचं वस्तुमान १६ ने वाढतं. बेरियम १३५ अधिक १६ म्हणजे १५१, बेरियम १३७ अधिक १६ म्हणजे १५३. युरोपियमची समस्थानिकं हीच दोन. रक्तद्रवात, काचेत, धुळीत, सगळीकडे बेरियम असतं. युरोपियम सोडून द्या.

पंपाचा काही दोष नाही. आता स्वतः बेरीज करा: टर्बियम १५९ अधिक १६.

नवशिकी

१७५. अरे देवा. ल्युटेशियम १७५.

अर्गॉन

तेच. ऑक्साइडचं प्रमाण एक-दोन टक्के असलं तरी सुरुवातीचं टर्बियम इतकं जास्त आहे की त्याची सावली ल्युटेशियमवर पडते. अंतर्गत स्टँडर्ड म्हणून इंडियम ११५ किंवा इरिडियम १९३ घ्या. एकाच रनमध्ये अनेक लँथनाइड लावणाऱ्यांनी तर आधी कागदावर प्रत्येकात १६ मिळवून पाहावं.

सुरुवातीचं मोठं पीक म्हणजे पेप्टाइडला न चिकटलेली खूण आणि सुटा धातू. कॉलमला ते धरत नाहीत, तसेच वाहून येतात. तेवढा वेळ झडप वळवून प्रवाह कचऱ्याकडे सोडा, म्हणजे यंत्रही घाण होणार नाही. त्याआधी लहान कार्ट्रिजवर नमुना धुऊन घेतलात तर आणखी बरं.

तिसऱ्या अडचणीसाठी दोन गोष्टी सांगा. धातू पिंजऱ्यात कधी भरता, पेप्टाइडला चिकटवण्याआधी की नंतर? आणि किती तापवता?

नवशिकी

डोटा आधी पेप्टाइडला चिकटवते, मग टर्बियम घालून ९० अंशांवर एक तास. कारण डोटा उष्णतेशिवाय धातू नीट घेत नाही असं वाचलं होतं.

तिहेरी_क्वाड

मध्येच बोलतो. मी क्लिनिकल मास स्पेक्ट्रोमेट्रीत आहे आणि हा सगळा द्राविडी प्राणायाम मला पटत नाही. जड समस्थानिकांचं सी-पेप्टाइड मिळतं. ते ठरावीक प्रमाणात नमुन्यात घाला, नमुना शुद्ध करा, ट्रिपल क्वाड्रुपोलवर (अख्ख्या रेणूंची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्रावर) दोघांचं गुणोत्तर घ्या. वाटेत जे सांडेल ते दोघांचं सारखंच सांडतं. सी-पेप्टाइडच्या संदर्भ पद्धती अशाच चालतात. खूण चिकटवणं, धातू भरणं, जादा धातू काढणं यातल्या प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते आणि ती कळतही नाही. रोजच्या रुग्णांच्या तपासणीत धातूच्या खुणांची पेप्टाइडं का आली नाहीत, याचा विचार करा.

अर्गॉन

रोजच्या रुग्णांसाठी तुमचीच पद्धत योग्य. मी स्वतः तीच सुचवेन. माझं म्हणणं वेगळं आहे.

तुमच्या जड पेप्टाइडची बाटली आली. तिच्यावर एकाग्रता छापलेली आहे. ती कुणी आणि कशावर मोजली? पावडरीचं वजन म्हणजे पेप्टाइडचं वजन नव्हे. त्यात पाणी असतं, क्षार असतात. म्हणून अमिनो आम्लांत पूर्ण तोडून ती मोजतात, आणि तो चांगला रस्ता आहे. पण रस्ता एकच असला तर तो चुकलाय का हे कुठे कळणार? दुसरा स्वतंत्र रस्ता हवा. टर्बियमचं स्टँडर्ड शुद्ध धातू किंवा त्याचं ऑक्साइड वजन करून बनवलेलं असतं. त्याचा धागा थेट तराजूपर्यंत जातो, मध्ये कुठलंही पेप्टाइड नाही. एका रेणूवर एकच धातू आहे याची खात्री असेल तर पेप्टाइडच्या आकड्याला त्याच तराजूचा आधार मिळतो. लेकीच्या आईंना दोन रिपोर्टांची जी धास्ती बसली ती एककांमुळे होती, पण दोन यंत्रांचे आकडे खरोखर वेगळे येतात तेव्हा कुठलं बरोबर हे ठरवायला असा मुळाचा आकडा लागतो. या पद्धतीची जागा तिथे आहे, बाटलीवरच्या लेबलाच्या मागे.

तुमचा दुसरा आक्षेप मात्र शंभर टक्के मान्य. 'एका रेणूवर एकच' हे गृहीत धरायचं नसतं, दाखवायचं असतं. नवशिकी आत्ता नेमक्या तिथेच उभ्या आहेत.

तिहेरी_क्वाड

बाटलीच्या मागचा मुद्दा पटला. आम्ही प्रमाणपत्र फाइलला लावतो आणि पुढे जातो, हे खरं आहे.

आणि माझ्या बाजूचीच एक अडचण सांगतो. सी-पेप्टाइडमध्ये चार ग्लुटामिक आणि एक ॲस्पार्टिक आम्ल, आणि आम्लारी म्हणावं तर तेवढा एक टोकाचा अमिनो गट. धन आयन करायला ते सहज तयार होत नाही. खूण लावल्यावर तर तोही गट जाणार. ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकरही त्याला तोडत नाही, कारण तोडायला लायसिन-आर्जिनिन नाही. नवशिकी, ईएसआयवर संकेत क्षीण आला तर घाबरू नका. ऋण आयनांतही पाहा.

स्प्रेकाठी

नवशिकी, तुमचे ९० अंश वाचून थबकलो. सी-पेप्टाइडची माळ ग्लुटामिक आम्लाने सुरू होते ना?

टोकाला ग्लुटामिक आम्ल असलं की ते स्वतःच्याच अमिनो गटाला वळून चावू शकतं. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, वलय तयार होतं आणि अमिनो गट नाहीसा होतो. याला पायरोग्लुटामेट म्हणतात. ग्लुटामिनइतक्या वेगाने होत नाही, पण उष्णतेत आणि जुन्या साठ्यात होतं. अशा रेणूला तुम्ही पन्नास पट काय, हजार पट खूण घाला, धरायला हातच उरलेला नाही. आकडा हलत नाही याचं हे कारण असू शकतं.

फक्त एक गोष्ट जुळत नाही. तुम्ही आधी चिकटवता आणि मग तापवता. चिकटलेल्या अमिनो गटाचं वलय व्हायला नको. म्हणजे झालं असेल तर आधीच झालं असेल. पावडर विरघळवताना किंवा साठवताना काही तापवलंत?

नवशिकी

हो. पावडर लवकर विरघळत नव्हती म्हणून साठ्याचं द्रावण दर वेळी गरम ब्लॉकवर ठेवते. आणि तोच साठा चार महिने वापरतेय.

स्प्रेकाठी

मग वस्तुमान बघा. सी-पेप्टाइड ३०२०.३ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक). वलय झालेलं १८ ने कमी, म्हणजे ३००२.३. एक टर्बियम-डोटा लागलेलं ३५६२.६. खूण लावल्यानंतरच्या नमुन्यात यातलं काय काय दिसतं तेवढं सांगा.

आणि आधीच धातू भरलेली, आयसोथायोसायनेट गटाने अमिनो गटाला चिकटणारी खूण वापरायचा मोह होईल, कारण मग पेप्टाइड तापवावं लागत नाही. चालते ती, पण सांभाळून. टोकाच्या अमिनो गटाला ॲरोमॅटिक (बेंझीनचं वलय असलेलं) आयसोथायोसायनेट लावणं ही एडमन यांच्या १९५० च्या, टोकापासून एकेक अमिनो आम्ल सोडवत माळ वाचण्याच्या पद्धतीची पहिली पायरी आहे. पुढे तीव्र आम्लात सुकवलंत तर पहिलं अमिनो आम्ल खुणेसकट गळून पडेल.

सूक्ष्मदर्शी

हे वाचताना अंगावर काटा आला. म्हणजे आमच्याकडे नियंत्रणासाठी येणाऱ्या बाटलीत निम्मे रेणू असे वलय झालेले असतील, तर प्रतिपिंड कुठला भाग ओळखतं त्यावर आमचाही आकडा ठरेल.

अर्गॉन

होय, मॅडम. सुरुवातीचं टोक ओळखणारं प्रतिपिंड असेल तर ते असे रेणू कदाचित धरणार नाही. मधला भाग ओळखणारं असेल तर धरेल. ट्रिपल क्वाडवर तर दोघांची वस्तुमानंच वेगळी.

नवशिकी

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा, माल्डीची वेळ मिळत नव्हती.

जुन्या साठ्यात खूण लावल्यावर दोनच गोष्टी दिसल्या: ३५६२.६ आणि ३००२.३. मूळ ३०२०.३ अजिबात नाही. म्हणजे ज्यांना हात होता त्या सगळ्यांना खूण लागली होती. उरलेल्यांना हातच नव्हता.

मग नवी बाटली उघडली. थंड पाण्यात किंचित अमोनिया घालून विरघळवली, गरम ब्लॉक बंद. लहान वाटे करून उणे ८० वर. एक वाटा अमिनो आम्ल विश्लेषणासाठी बाहेर पाठवला, म्हणजे वजनावर अवलंबून राहायला नको. अंतर्गत स्टँडर्ड इंडियम. सुरुवातीची तीन मिनिटं कचऱ्याकडे. ल्युटेशियमची ती उसळी आठवून आता हसू येत नाही, दीड महिना आठवतो. पण इंडियमची रेघ सरळ आहे.

अमिनो आम्लांचा आकडा काल आला. टर्बियमचा आकडा त्याच्या जवळ आहे, थोडा कमी. गाईडना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, 'थोडा कमी का?'

अर्गॉन

प्रश्न अगदी बरोबर विचारलाय त्यांनी. नळ्या कुठल्या वापरता? इतक्या विरल द्रावणात पेप्टाइड भिंतीला चिकटतं. कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या घ्या, आणि तोच नमुना एका नळीतून दुसऱ्या नळीत तीनदा ओतून प्रत्येक वेळी मोजा. दर ओतण्याला आकडा उतरत गेला तर उत्तर भिंतीवर आहे. नाही उतरला तर कॉलममधून सगळं बाहेर येतंय का ते बघू: कॉलम काढून तेवढाच नमुना सरळ आत सोडायचा आणि दोन्ही वेळच्या टर्बियम-पीकची क्षेत्रफळं ताडून पाहायची. मात्र त्यासाठी सुटी खूण आधी पूर्ण धुतलेली हवी, नाहीतर तिचंही टर्बियम त्यात मोजलं जाईल.

नवशिकी

उद्या सकाळी नळ्यांपासून सुरुवात करते.

लेकीची_आई

सगळं कळलं नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. दोन्ही रिपोर्ट घेऊन काल तज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी आकड्यांखाली पेनाने एककं गोल करून दिली. नळ्यांचं काय झालं ते मात्र इथे लिहा, मी वाट बघतेय.